आरंभशूराची चंद्रशेंग

आपण हाती घेतलेलं कोणतंही काम कधी अर्धवट सोडलं नाही, असं मापसाहेबांचं स्वतःचं मत होतं. त्यांच्या बायकोचं मत असं, की काम अर्धवट सोडायला ते निदान अर्धं तरी व्हावं लागतं.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर सरकारी शिक्का मारायचा आणि काटा मारणाऱ्याला दंड ठोकायचा, हा त्यांचा व्यवसाय. बाजारात दरारा असा, की ते कोपऱ्यावर नुसते दिसले तरी किराणावाल्याचा हात ढळतं माप घालू लागे. हा दरारा घरी मात्र चपलांबरोबर दाराबाहेरच राही, कारण घरात माळा होता. माळ्यावर एक बासरी होती, जिच्यातून आजवर फक्त वारा निघाला होता. एक काचेची पेटी होती, जिच्यात मासे यायचे होते. एका परक्या भाषेचं पुस्तक होतं, त्यात 'माझे नाव अमुक आहे, तुमचे काय?' इथपर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यावर समोरच्या माणसाने काय उत्तर दिलं, हे मापसाहेबांना अजून कळलेलं नव्हतं. शिवाय तीन पायांचं एक स्टूल होतं, जे मुळात चार पायांचं व्हायचं होतं.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. अख्खी इमारत त्यांना 'बाई' म्हणे, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाई भांडत नसत. माळ्याकडे नजर गेली की त्या फक्त 'आरंभशूर' एवढंच म्हणत, तेही हळू आवाजात, नापास मुलाचं घरी काय होईल ते माहीत असल्यासारखं. भांडण परवडलं असतं. हा शब्द मापसाहेबांना रात्री अंथरुणातही टोचायचा.

तर झालं असं, की एका रविवारी दोघं बाईंच्या धाकट्या भावाकडे चहाला गेले. दिवाणखान्यात एका उंच फुलदाणीत वाळक्या काड्यांची जुडी होती आणि काडीकाडीला बिस्किटाएवढ्या गोल, रुपेरी चकत्या. इतक्या पातळ, की पलीकडे धरलेलं बोट दिसावं.

"लुनारियाच्या शेंगा," मेहुणा म्हणाला. "वाळल्या की दोन्ही बाजूंची सालं काढायची. मधे हा चंदेरी पडदा राहतो. आपल्या बागेतल्याच आहेत."

बाईंनी एक काडी उचलून खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाल्या, "किती सुंदर आहे रे हे."

मापसाहेबांनी भराभर आठवून पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरातल्या एकाही वस्तूला हे वाक्य मिळालेलं नव्हतं.

"पुडीत थोडं बी उरलंय," मेहुणा म्हणाला, "पण राहू दे, दाजी. हे जरा चिकाटीचं काम आहे."

यातलं 'जरा' मापसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं. "आण ती पुडी," ते म्हणाले, "तुझ्या ताईच्या टेबलावर याच्या दुप्पट जुडी ठेवली नाही, तर नावाचा निरीक्षक नाही." परत येताना त्यांनी झाडाचं बारसंही करून टाकलं. लुनारिया म्हणजे काहीतरी चंद्राचं, म्हणून चंद्रशेंग. बाई रिक्षातून बाहेर बघत राहिल्या. नाव ठेवण्यापर्यंतची कामं आपले यजमान नेहमीच वेळेत करतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

आता जागा. इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीलगत मातीचा एक पट्टा रिकामा पडला होता. सोसायटीचे सेक्रेटरी कित्येक वर्षं तिथे फरशी घालून स्कूटर लावायची जागा करायचं स्वप्न बघत होते. मापसाहेबांनी रीतसर अर्ज दिला. तो दुसऱ्या दिवशी रीतसर परत आला.

"तुम्हाला अर्जच करता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"का? मी या इमारतीत राहत नाही?"

"राहता. पण सभासद नाही. फ्लॅट शिक्षकांच्या योजनेतला, म्हणजे बाईंच्या नावावर. कागदोपत्री तुम्ही त्यांच्याकडे राहणारे गृहस्थ."

सरकारचा शिक्का खिशात बाळगणारा माणूस स्वतःच्या इमारतीत पाहुणा निघाला! मापसाहेब दोन जिने चढून वर आले ते धापा टाकतच, आणि त्या धापांत जिन्याचा वाटा कमी होता. बाई पेपर तपासत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि पेन हातात धरून थांबल्या.

"सही करते," त्या म्हणाल्या, "पण एका अटीवर. हे शेवटपर्यंत न्यायचं. नाही नेलं, तर 'मी आता अमुक करणार आहे' हे वाक्य या घरात पुन्हा कधी ऐकायचं नाही मला. कधीच नाही. मी फार दमलेय हो ते ऐकून."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मापसाहेबांनी उलट उत्तर दिलं असतं. त्या खरंच दमलेल्या दिसल्या. "कबूल," ते म्हणाले आणि अर्ज घेऊन खाली गेले. पट्टा बाईंच्या नावाने मंजूर झाला, पण पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच, म्हणजे एका वर्षासाठी.

बी पेरायला अख्खी इमारत हजर होती, म्हणजे सल्ला द्यायला. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आणि वर त्यांचं घर. ते म्हणाले, "खड्डा आधी स्वच्छ करा. आत काही राहिलं की पुढे ठणका लागतो." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बी कोमट दुधात भिजवायला सांगितलं. कोमट दूध हा काकूंचा सर्दीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळ्यावरचा उतारा होता. कोपऱ्यावरच्या नर्सरीचा माळी येऊन म्हणाला, "हे मला माहितेय साहेब, वेल असतो याचा," आणि दोऱ्या बांधून, पैसे घेऊन गेला. मापसाहेबांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी खात्याची पट्टी काढली, प्रत्येक खड्ड्याची खोली मोजली आणि जे खड्डे मापात बसले नाहीत ते बुजवून पुन्हा केले. जमिनीला दंड करता येत नाही, एवढंच त्यांना वाईट वाटलं.

रोपं उगवली, नि काय उगवली! पानं भराभर फोफावली, पण दोऱ्यांवर काही चढेना, आणि ते पाहून माळ्याने कोपऱ्यावरून वाटच बदलली. रुंद, केसाळ, कातरलेल्या कडांची पानं. मापसाहेब रोज सकाळी दात घासत खाली उतरायचे आणि कळी शोधायचे. पावसाळा गेला, थंडी आली. कळी नाही. शेजाऱ्यांची जीभ मात्र फुलू लागली.

"पालक बरा आलाय," सेक्रेटरी जाता-येता म्हणत. "किलोने देणार की जुडीने? वजन मात्र बरोबर घाला हं!"

शेवटी मापसाहेब उद्यान खात्याच्या कार्यालयात गेले, हातात पुराव्यादाखल एक पान घेऊन. पहिल्या खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं, "फूल आहे का?" मापसाहेब म्हणाले, "अजून नाही." "मग इथे फुलझाडांचं बघतात." दुसऱ्या खिडकीत विचारलं, "पालेभाजी आहे का?" मापसाहेब ओरडले, "नाही!" तिसरी खिडकी शेंगवर्गीय पिकांची. तिथल्या बाईंनी त्यांना बसवून घेतलं, हेक्टरी उत्पन्न विचारलं आणि पट्टा स्कूटरएवढा रुंद आहे हे कळल्यावर उठवलं. सरकारी खिडकीच्या बाहेरून बघितलं की आतला सरकारी माणूस कसा दिसतो, हे मापसाहेबांना त्या दिवशी नव्याने कळलं. अखेर पहिल्याच खिडकीतल्या गृहस्थाला जेवणाच्या सुट्टीत दया आली. त्याने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं.

"लुनारिया. द्विवर्षायू."

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी फूल, मग शेंग. मग मरतं."

"मरतं?"

"शेंगा दिल्यावर मरतं. काम संपलं की जायचं. तुमच्या-आमच्यासारखं पेन्शन खात बसत नाही."

आणि सोसायटीची मंजुरी होती एका वर्षाची! झाड दोन वर्षांचं नि ठराव एका वर्षाचा. उरलेलं वर्ष आणायचं कुठून?

वार्षिक सभा जिन्याखालच्या खोलीत भरली. सेक्रेटरींनी स्कूटरच्या फरशीचा नकाशा भिंतीला लावूनच ठेवला होता. मापसाहेब बोलायला उठले. त्यांनी द्विवर्षायू हा शब्द चार वेळा उच्चारला, त्यातल्या एकाच वेळी बरोबर.

"बसा हो," सेक्रेटरी म्हणाले. "सभासदांनाच बोलता येतं. सभासद कुठे आहेत?"

सभासद मागच्या खुर्चीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मापसाहेबांची वळली नाही. बायकोने 'जाऊ द्या, नेहमीचंच आहे' म्हटलं तर तिचा चेहरा तेव्हा दिसायला नको, असं त्यांना वाटलं.

"अर्धा पेपर लिहून झालेल्या मुलाच्या हातून कागद ओढून घेत नाहीत," बाई वर न बघता म्हणाल्या. "एक वर्ष द्या."

निम्म्या इमारतीची मुलं बाईंच्या हाताखालून गेली होती आणि उरलेल्या निम्म्यांची जायची होती. ठराव एकमताने मंजूर झाला. जिना चढताना मापसाहेब कृतज्ञतेने काहीतरी बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "अट कायम आहे."

दुसऱ्या वर्षी थंडी ओसरल्यावर देठ वर आले आणि एके सकाळी जांभळी फुलं दिसली. मापसाहेब तोंडात फेस असतानाच ओरडले. सगळे धावत आले. फुलं बारीक, चार पाकळ्यांची, साधीसुधी होती. डॉक्टर वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. "एवढ्यासाठी दोन वर्षं?" ते म्हणाले. "एवढ्यात मी एखाद्याचं अख्खं तोंड बसवून देतो."

"फुलाकडे बघू नका," मापसाहेब म्हणाले. "शेवटाला बघा. शेवटाला चांदी होते याची." हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, दूधवाल्यालासुद्धा. पुढचा सगळा घोटाळा या सांगण्याने केला.

शेंगा धरल्या. हिरव्या, चपट्या, गोल. मग त्या वाळायला लागल्या. वाळलेली चंद्रशेंग बाहेरून दिसते कशी, तर भिजून सुकलेल्या चहाच्या पुडीसारखी. तपकिरी, डागाळलेली, कळकट. नेमका त्याच सुमारास मापसाहेबांना खात्याचा दौरा निघाला. जाताना त्यांनी सगळ्यांना बजावलं, "हात लावू नका. पूर्ण वाळू द्या. मी आल्यावर सालं काढणार."

इकडे नगरपालिकेने 'नीटनेटकी इमारत' स्पर्धा जाहीर केली होती आणि सेक्रेटरींनी नाव नोंदवून टाकलं होतं. भिंतींना रंग झाला, फाटकाला चंदेरी ऑइल पेंट झाला. परीक्षक दुपारी येणार, त्या सकाळी सेक्रेटरींची नजर पट्ट्यावर गेली. भिंतीलगत वाळक्या काटक्यांची रांग! उपटावी, तर ठराव आडवा येत होता. सेक्रेटरी काहीही असोत, ठरावाबाहेर जाणारे नव्हते.

"अहो, ते म्हणत होते ना, शेवटाला चांदी होते म्हणून," काकू म्हणाल्या. "झाली नाही बिचाऱ्यांची. दोन वर्षं राबले हो."

"मी आधीच सांगितलं होतं, खड्डा स्वच्छ करा म्हणून," डॉक्टर म्हणाले.

मग काकूंना सुचलं. फाटकाचा रंग उरला होता, रंगारी अजून शिडीवरच होता. शेंगा आपोआप चांदीच्या झाल्या नाहीत, तर आपण करू. मापसाहेब परत येतील तेव्हा किती खूश होतील! यात लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. सेक्रेटरींच्या मनात बक्षीस होतं, पण त्यांनाही थोडं वाईट वाटत होतंच. रंगाऱ्याने शेंगन् शेंग रंगवली. बारीक देठांसाठी डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यातला ब्रश आणला आणि दुसरा हात फिरवला.

दुपारी मापसाहेब बॅग घेऊन फाटकातून आत आले. पट्ट्यापाशी सगळे ओळीने उभे होते आणि सगळ्यांचे चेहरे लहान मुलाला वाढदिवसाची भेट देताना होतात तसे झाले होते.

"कशी झालीय?" काकूंनी विचारलं.

मापसाहेबांच्या हातातून बॅग गळून पडली. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

ते काही बोलणार, एवढ्यात परीक्षक आले. एक उंच बाई आणि एक वह्या सांभाळणारे गृहस्थ. त्या उंच बाईंनी एका शेंगेला बोट लावलं, बोटाला रंग लागला. "कृत्रिम सजावट," त्या म्हणाल्या. "नियमात बसत नाही."

"खरं झाड आहे हो!" सेक्रेटरी कळवळले.

"हा ऑइल पेंट आहे."

"तो बाहेरून आहे," मापसाहेबांचा आवाज चिरकला. "आत खरी चांदी आहे!"

आयुष्यभर या माणसाने बाहेरून चकाकणारी आणि आतून पोकळ वजनं पकडली होती. बाहेरून खोटी आणि आतून खरी वस्तू सिद्ध करायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. त्यांनी एक शेंग तोडली आणि साल ओढलं. रंगाने सालं कडेला घट्ट चिकटली होती. सालाबरोबर आतला पडदाही टर्रकन फाटला. दुसरी शेंग, तोच प्रकार. तिसरी, चौथी. परीक्षक बाईंनी हळहळून मान हलवली आणि दोघं निघून गेले. चांदी सालाच्या आत असते, हे मग मापसाहेबांनी सांगितलं, तेव्हा काकूंनी तोंडाला पदर लावला.

बाई शाळेतून आल्या, तेव्हा मापसाहेब बुटांसकट पलंगाच्या कडेला बसलेले होते. त्यांच्या तळहातावर फाटके रुपेरी तुकडे होते.

"संपलं," ते म्हणाले. "तुझी अट पाळतो मी. पुन्हा काही बोलणार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

बाई शेजारी बसल्या. "किती फाटल्या?"

"चार."

"झाडावर किती आहेत?"

"मोजल्या नाहीत. शेकड्याने असतील."

"मग शेकड्यातून चार गेल्या तर उत्तर शून्य कसं आलं?" बाईंनी विचारलं. "चला खाली. मी येते."

खाली काही वेगळंच चाललं होतं. डॉक्टरांनी दवाखान्यातला दिवा बाहेर ओढून आणला होता. एक शेंग चिमट्यात धरून ते दात साफ करायच्या टोकदार हत्याराने तिच्या कडेवरून रंग खरवडत होते. "साधं कीटण आहे," ते पुटपुटले. "मुळापर्यंत गेलेलं नाही." काकूंनी सवयीने विचारलं, "दुखेल का?" कड मोकळी झाली, एक साल सुटलं, मग दुसरं. चार-पाच चपट्या बिया कागदावर पडल्या आणि मधला पडदा दिव्यासमोर लखलखला. मग सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या.

संध्याकाळभर इमारत पायऱ्यांवर बसून सालं काढत होती. पुष्कळ फाटल्या. काकूंच्या हातून सर्वांत जास्त, कारण त्या मधूनमधून डोळे पुसत होत्या. शेवटी जी जुडी झाली ती दुप्पट वगैरे काही नव्हती. मेहुण्याच्या जुडीच्या निम्मी भरली असती. मापसाहेबांनी ती दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली.

बाईंनी प्रत्येक काडी उलटसुलट तपासली. "पूर्ण झालं," त्या म्हणाल्या. मग कागदावरच्या बियांकडे बघून विचारलं, "याचं आता काय करणार आहात?"

"मी..." मापसाहेब अडखळले.

"बोला की. ऐकतेय मी."

सेक्रेटरींनी त्या वर्षीच्या सभेत स्कूटरचा नकाशा लावलाच नाही. रंग लावायच्या कल्पनेला आपण हो म्हटलं होतं, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

सालं काढली त्याच्या पुढच्याच रविवारी मेहुणा आला. टेबलावरची जुडी बघून तो दारातच थबकला.

"अरे वा! पुलाजवळच्या दुकानातून आणल्यात ना, दाजी? चांगल्या असतात त्याच्याकडे. मीसुद्धा तिथूनच..." आणि त्याने जीभ चावली.

"तू तर बागेतल्या म्हणाला होतास," बाई म्हणाल्या.

"म्हणजे, लावलं होतं ताई मी बी. पण वर्षभर नुसती पानंच. शेवटी उपटून टाकलं."

मापसाहेबांनी तोंड उघडलं. दोन वर्षं त्यांनी या एका माणसासाठी टोमणे घासूनपुसून ठेवले होते. पण बाई आधी बोलल्या.

"या दुकानातल्या नाहीत. ह्यांनी केल्या," त्या म्हणाल्या. त्यांनी एक काडी उपसून भावाच्या नाकासमोर धरली. "हा रंगाचा डाग बघ. दुकानातल्या शेंगेवर असा डाग मिळेल का तुला?"

काडी त्यांनी परत फुलदाणीत ठेवली, डागाची बाजू पुढे करून. मापसाहेबांना एकही टोमणा आठवेना. "चहा टाकतो," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न पेटवता ओट्याला धरून उभे राहिले. बाहेर बाई भावाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगत होत्या, आणि दर वाक्यात 'ह्यांनी' होतं. चहाला फार उशीर झाला, पण कोणी हाक मारली नाही.